जुईचा शेवटचा घाट

कालिंदीताईंनी हेडफोन काढून माइकच्या दांड्याला अडकवले आणि काचेपलीकडून माझ्याकडे बघत विचारलं, "हे कोण बोलतंय?"

"जुई," मी म्हणाले.

"जुई असं नाही बोलायची."

फिरोजने रेकॉर्डिंग थांबवलं आणि बूथमधला एसी पुन्हा चालू केला. आवाज घेताना तो बंद ठेवावा लागे, त्यामुळे ताईंचं कपाळ घामाने चमकत होतं. पदराने घाम टिपत त्यांनी संहितेचं पान डोळ्यांपासून लांब धरलं आणि मी लिहिलेलं वाक्य आपल्या नेहमीच्या आवाजात वाचून दाखवलं. "मला तुझा तिटकारा आहे. पहिल्या दिवसापासून होता." मग पान खाली ठेवलं. "हेमांगी, ही पोरगी दोन भाग याच माणसाच्या पिल्लांना औषध लावत फिरलीय. तिटकारा कुठून आला मध्येच?"

मी उत्तर देणार होते, पण त्याआधी जांभई आली.

त्या काळात मला सारख्या जांभया यायच्या. झोप मात्र यायची नाही. 'रानसखे' नावाच्या आमच्या व्हिडिओ गेमचा तिसरा भाग चालू होता आणि तो संपायचं नाव घेत नव्हता. खेळ तसा सोपा. डोंगरातल्या एका कल्पित खोऱ्यात एक मूल घराबाहेर पडतं, रानात भेटणारी अद्भुत पिल्लं गोळा करतं, त्यांना वाढवतं, आणि वाटेतल्या प्रत्येक घाटमाथ्यावर कुणाशी तरी सामना खेळत पुढे जातं. ते मूल म्हणजे खेळणारा स्वतः. शेजारच्या घरातली जुईही त्याच दिवशी निघते. खेळाडूने आधी पिल्लू निवडायचं, आणि मग जुई नेमकं त्याच्यापुढे दुबळं पडणारं पिल्लू उचलणार. तुम्ही पाण्यातला डोही घेतलात की ती आगीतली पळसा घेणार. हे मीच ठरवलं होतं, कारण पहिल्याच सामन्यात हरलेलं मूल खेळ बंद करून टाकतं. त्यानंतर प्रत्येक घाटावर जुई तुमच्या आधी येऊन बसलेली असायची. खेळायची, हरायची, हसायची, आणि "झकास झालं. हा पाला घे, पिल्लाला लाव. पुढच्या घाटावर भेटू," म्हणून निघून जायची.

हा खेळ मी आणि आदेश कुंभोजकरने मिळून रचला होता. कोल्हापूरला ॲनिमेशन शिकताना आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचं चित्र चांगलं झालं की मी रात्रभर बसून माझं सुधारायचे, माझं चांगलं झालं की तो सुधारायचा. पहिला नंबर बहुतेक वेळा त्याचाच यायचा. मग दोघं मिळून मिसळ खायला जायचो. पुण्यात आल्यावर त्याने स्टुडिओ काढला आणि मी त्याच्यासोबत आले. माणसं जमवणं, पैसे लावणाऱ्यांशी बोलणं, व्यासपीठावर उभं राहणं हे त्याला जमायचं. मला लिहायला जमायचं. पहिल्या भागाला बक्षीस मिळालं तेव्हा तो वर गेला आणि मी खाली खुर्चीत त्याची लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन टाळ्या वाजवल्या. बॅग मांडीवर असली की टाळ्या नीट वाजत नाहीत, एवढंच त्या दिवसाचं माझ्या लक्षात आहे. वाईट वाटलं नव्हतं.

दुसरा भाग आल्यावर खेळणाऱ्यांनी कळवायला सुरुवात केली की जुई मिळमिळीत आहे. हरते तरी चिडत नाही, तिच्याशी खेळायला मजा येत नाही. पैसे लावणाऱ्यांनी ते उचलून धरलं. आदेश मला म्हणाला, "तिसऱ्यात तिला उलटवूया. शेवटच्या घाटावर तीच शत्रू निघते. लोक हादरतील बघ." मी बरं म्हणाले. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. एका बैठकीत ते वाक्य लिहून टाकलं आणि पाठवून दिलं.

"सारखी हरते ना ती," मी आता काचेपलीकडच्या कालिंदीताईंना सांगितलं. "हा तिसरा भाग. किती दिवस हसत राहील? मनात साचतंच की."

"इकडे ये," ताई म्हणाल्या. "मला काचेतून भांडता येत नाही."

मी बूथमध्ये गेले. कालिंदीताई ससाणे तेव्हा साठीच्या आसपास होत्या. गुडघे दुखायचे म्हणून त्यांच्यासाठी उंच स्टूल ठेवलेलं असे. गालात ज्येष्ठमधाची काडी, पायाशी गरम पाण्याचा थर्मास. आणि त्या गळ्यातून बारा वर्षांच्या पोरीचा असा काही आवाज निघायचा की पहिल्या दिवशी फिरोजने उठून आत कोणी मुलगी आहे का बघितलं होतं.

"हरून हरून माणूस चिडतं, असं तुला वाटतं?"

"चिडतंच ना."

"तू कोणावर चिडलीस शेवटची?"

मला आठवेना. त्यांनी थर्मासच्या झाकणात पाणी ओतलं, फुंकर घालत प्यायल्या.

"मी नाटकात होते ते तुला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यासोबत एक मैत्रीण होती. नाव सांगत नाही, तुझ्या आईला माहीत असेल. आम्ही दोघी एकाच वेळी कंपनीत लागलो. प्रत्येक नाटकाच्या वाचनाला दोघी बसायचो आणि मुख्य काम तिला जायचं. चांगलीच होती ती, त्यात काही वाद नाही. मला तिची बहीण, तिची मोलकरीण, नाहीतर विंगेतून तिला वाक्यं पुरवायचं काम. मी तिचे केस बांधून द्यायचे. तिचा घसा बसला की हे ज्येष्ठमध मीच उगाळून द्यायचे. दौऱ्यात एका ताटात जेवायचो. खोटं नाही सांगत, मनापासून करायचे मी."

"मग?"

"मग काही नाही. एक दिवस तालमीला निघाले. थांब्यावर उभी होते. बस आली, कंडक्टर म्हणाला, चला ताई. आणि माझा पाय उचलेना. दुखत नव्हता, काही नव्हतं. पायरीवर ठेवायचाच राहिला. त्याने पुन्हा विचारलं, मी नाही म्हटलं, बस गेली. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. तिसऱ्या दिवशी ती बिचारी शोधत आली. म्हणाली, माझं काही चुकलं का? तिला काय सांगणार? तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिचं काही चुकलं असतं तर किती बरं झालं असतं. चिडले असते, दोन शब्द बोलले असते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तालमीला गेले असते." त्यांनी झाकण थर्मासवर घट्ट बसवलं. "चिडायलाही अंगात जोर लागतो, बाळ. तुझ्या जुईत तो आता नाही. मला गेल्या भागातच तो जाणवत नव्हता. तू तिला हसायला लावतेस आणि मी हसते, पण तिचं हसणं खाली उतरत नाही."

बाहेरचं दार वाजलं. आदेश आला होता. फिरोजने त्याला काम अडल्याचं कळवलं असावं. त्याच्या एका हातात मोटारीची किल्ली आणि दुसऱ्या हातात पित्ताच्या गोळ्यांची पट्टी होती. डोळे तांबारलेले. मला वाटतं त्या दिवसांत आम्हा दोघांत जास्त दमलेला कोण, अशीही एक चुरस चालू होती, आणि त्यात मात्र आम्ही बरोबरीत होतो.

"ताई, काय अडचण आहे?" तो म्हणाला.

"हे वाक्य मी म्हणते," कालिंदीताई म्हणाल्या. "माझं काम आहे, म्हणते. पण ते खोटं वाजेल, आणि मग तू मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावशील. त्यापेक्षा हिला जरा विचार करू दे."

आदेश माझ्याकडे वळला. "हेमे, शेवटच्या घाटावर कोणीतरी शत्रू पाहिजे की. सगळं चित्रण तयार आहे. पाऊस, वीज, सगळं केलंय पोरांनी."

"चित्रण राहू दे. मी वेगळं लिहून बघते."

"किती वेळ?"

"चहा होईपर्यंत."

त्याने पट्टीतली एक गोळी काढली. गोळी तोंडात टाकून फिरोजच्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि मान मागे टाकून डोळे मिटले.

स्टुडिओ एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. मी जिन्याच्या पायरीवर येऊन बसले. खालून औषधाचा वास आणि दात कोरायच्या यंत्राची घरघर येत होती. टपरीवरून चहा मागवला आणि संहितेचं पान उलटं करून मांडीवर ठेवलं.

आमच्या खेळात नायकाला आवाज नाही. तो खेळणाऱ्याचा असतो, म्हणून त्याला बोलता येत नाही. त्यामुळे समोर कोणीही आलं तरी सगळं बोलणं त्या समोरच्यालाच करावं लागतं. प्रश्न त्यानेच विचारायचा, उत्तरही त्यानेच समजून घ्यायचं. इतकी वर्षं मी जुईची वाक्यं लिहीत होते, पण हे बोलणं एकतर्फी आहे हे पहिल्यांदा नीट ध्यानात आलं ते त्या पायरीवर. ती वीज, तो पाऊस मी मनातून काढून टाकला. जुईला एका दगडावर बसवलं. पळसा तिच्या मांडीवर. मग पेन थांबलं नाही. चहा आला, त्यावर साय धरली, तो तसाच राहिला.

आत जाऊन मी पान ताईंच्या हातात दिलं. आदेशला दाखवलं नाही. मुद्दाम असं नाही. तो डोळे मिटून बसला होता, उठवावंसं वाटलं नाही.

ताईंनी मनात एकदा वाचलं. मान हलवली. मी बूथबाहेर आले. फिरोजने एसी बंद केला आणि बोट वर केलं.

"आलास? बस," जुई म्हणाली. तो आवाज कालिंदीताईंचा होता हे मला माहीत होतं, तरी मी काचेपलीकडे बघायचं टाळलं. "आज नको खेळूया. तू जिंकणार आहेस, ते तुलाही माहीत आहे. पळसाला झोप आलीय. तिला आता लढवत नाही मी."

थोडा वेळ नुसता तिच्या श्वासाचा आवाज.

"तुला वाटायचं ना, मी नेहमी तुझ्या पुढे कशी? मी काही झपझप चालणारी नाही रे. मी पहाटे निघायचे. तू उठायच्या आधी. वाटेतल्या काट्या बाजूला टाकायच्या असायच्या, ओढ्यावर दगड ठेवायचे असायचे. मग माथ्यावर येऊन तुझी वाट बघत बसायचे. मला आवडायचं ते. खरंच आवडायचं. तू वळणावर दिसलास की बरं वाटायचं."

फिरोजचं बोट आता रेकॉर्डिंगच्या बटणावर होतं. आदेशने डोळे उघडले होते.

"काल रात्री विचार केला, पुढे कुठला घाट आहे? तर नाहीच. हा शेवटचा. याच्या पलीकडे तुझं एकट्याचं आहे. आणि मला एकदम कळलं की मी किती चाललेय. रागावले नाहीये. तसं मनात आणू नकोस. फक्त इथून पुढे मला येता यायचं नाही. हा पाला घे. उरलाय तेवढा सगळाच घे. मला आता नाही लागणार."

मग पळसाला उचलून घेतल्यासारखा पदराचा हलका आवाज. तो मी लिहिला नव्हता. ताईंनी आपणहून केला.

"जाते मी घरी."

फिरोजने बटण दाबून रेकॉर्डिंग बंद केलं. खालच्या मजल्यावरचं यंत्रही त्या वेळी बंद होतं. कालिंदीताईंनी हेडफोन काढले, पाणी प्यायल्या आणि चष्मा पुसायला घेतला.

"पुन्हा घ्यायचं का?" फिरोजने हळूच विचारलं.

आदेशने नको म्हणून हात केला. तो माझ्याकडे बघत होता. कॉलेजात माझं एखादं चित्र त्याच्यापेक्षा चांगलं झालं की तो असाच बघायचा, पण त्या बघण्यात जी खोडी असायची ती आज नव्हती. मला वाटलं, आता शत्रूचं काय, चित्रणाचं काय, पैसे लावणाऱ्यांना काय सांगू, असं काहीतरी विचारेल.

तो म्हणाला, "कधी चाललीस?"

मला कळलंच नाही तो काय विचारतोय. मी कुठे जायचं ठरवलंच नव्हतं. घरच्यांशी बोलले नव्हते, दुसरीकडे काम बघितलं नव्हतं, मनातही आलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. आणि तरीही माझ्या तोंडून उत्तर आलं, जणू ते केव्हाचं तयार होतं.

"हा भाग पुरा झाला की."

त्याने मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिला.

"माझं काही चुकलं?"

काचेपलीकडे कालिंदीताईंचा चष्मा पुसणारा हात थांबला. त्यांना आमचं बोलणं ऐकू जात होतं की नाही, मला ठाऊक नाही.

"नाही रे."

"सांग की. मी बक्षिसाच्या वेळी तुला वर बोलवायला पाहिजे होतं. नंतर सुचलं मला. पुष्कळदा सुचलं. आता बोलून काय उपयोग, म्हणून बोललो नाही."

"तसं काही नाही, आदेश. दमले मी. बाकी खरंच काही नाही."

"सुट्टी घे मग. महिना घे, दोन घे."

"बघू," मी म्हणाले. पण सुट्टीने जाणारा तो थकवा नव्हता, आणि हे त्यालाही समजलं होतं. त्याने हातातली गोळ्यांची पट्टी खिशात ठेवली, परत काढली, परत ठेवली. मग फिरोजला म्हणाला, "हे राहू दे असंच. शत्रूचं मी बघतो. कोणीतरी दुसरा करू." उठून काचेजवळ गेला आणि कालिंदीताईंना दोन्ही हात जोडले. ताईंनी आतूनच हात हलवला, म्हणाल्या, "वर ये म्हणायची बुद्धी तुला नंतर सुचली असेल, पण सुचली ना? पुष्कळांना तेवढंही सुचत नाही." म्हणजे त्यांना सगळं ऐकू जात होतं.

तो भाग आम्ही पावसाळा सरता सरता पुरा केला. शेवटच्या दिवशी स्टुडिओत केक वगैरे झाला. आदेशने छोटं भाषण केलं आणि त्यात माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलला की मला मान वर करवेना. नंतर त्याने स्वतः गाडी चालवत मला एसटी स्टँडवर सोडलं. वाटेत आम्ही कशाबद्दल बोललो ते आठवत नाही. बहुतेक रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल. बॅगा वर टाकून झाल्यावर तो खिडकीखाली उभा राहिला. "जुईसारखी गायब होऊ नकोस," म्हणाला. गाडी सुटेपर्यंत थांबला.

मी वेंगुर्ल्याला आईकडे आले आणि झोपले. दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी उठायचे, पेज खायचे, पुन्हा झोपायचे. आई काही विचारायची नाही. बाजूच्या बायकांना सांगायची, पुण्याची झोप काढता हा. हळूहळू मी परसातल्या झाडांना पाणी घालायला लागले, मग बाजारात जायला लागले. कधीतरी शाळेतल्या मुलांसाठी दोन गोष्टी लिहिल्या. पण दुपारची झोप मात्र राहिली. दुपारी मी पडले की मेल्यासारखी झोपायचे.

तिसरा भाग बाहेर आला तो मी खेळले नाही. कालिंदीताईंनी फोनवर सांगितलं की मुलं त्या दगडापाशी परत परत जातात, जुई आली का बघायला. तिथे काही नसतं. आदेशने तिथे काही ठेवलं नव्हतं. नव्या शत्रूशी होणारं पुढचं युद्ध फारसं कोणाला आवडलं नाही म्हणे, पण तो घाट लोकांच्या मनात राहिला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक दिवस मी संध्याकाळी उठले. आई मागल्या दारी फणसाचे गरे काढत बसली होती. हाताला तेल लावलेलं, तोंड न वळवताच म्हणाली, "त्या आदेशाचो फोन इल्लो. दुपारी. तुझो फोन वाजत होतो, म्हणान मीच घेतलंय."

"काय म्हणालो तो?"

"बेंगलोराक आसा. तुमच्या त्या खेळाक कायतरी मोठा बक्षीस गावला म्हणता. आताच स्टेजवरसून उतारलंय म्हणालो. मागे सगळी टाळ्ये वाजयत होती, माका धड ऐकाक येयना."

"माका उठवलंस नाय?"

"इचारलंय मी त्याका, उठवू काय म्हणान." आईने एक गरा माझ्या हातावर ठेवला. "तर म्हणता कसो, नको काकी, झोपू दे तिला."

मी गरा हातात धरून उंबऱ्यावर बसले.

"आवाज कसो होतो त्याचो?"

आईने जरा आठवून बघितलं.

"कसो म्हणजे? दमलेल्या माणसाचो असता, तसो."

मी गरा खाल्ला, हात धुतले, चूळ भरली, आणि आत जाऊन त्याला फोन लावला.